इंदूरात समुद्र आणायला कुणी सांगितलं होतं

कोरलसाठी खाऱ्या पाण्याची माशांची टाकी केलीय आणि घरात सगळीकडे मीठ झालंय. काचेच्या कडेला मीठ, वायरींवर मीठ, मागच्या भिंतीवर लोणा लागल्यासारखा पांढरा थर, आणि काल रात्री एक्स्टेन्शन बोर्डातून चर्रर्र आवाज आला म्हणून उघडून बघितलं तर आतही खार चढलेला. पंपाच्या वायरवरून थेंब ओघळत ओघळत थेट बोर्डात गेला होता. वायर बोर्डाच्या खाली थोडी लोंबती ठेव, म्हणजे थेंब तिथेच गळून पडेल, हे एवढंसं वाक्य पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? दोन सेकंद लागतात. पण नाही. माशांच्या दुकानदाराने सांगितलं काय, तर "बस भिया, इतना ले लो, इसके बाद कुछ नहीं लगता."

हे वाक्य सात महिन्यांत इतक्या वेळा ऐकलंय की आता झोपेतही ऐकू येतं. टाकी घेतली तेव्हा ऐकलं, स्किमर (पाण्यातली घाण फेसात ओढून काढणारं यंत्र) घेतला तेव्हा ऐकलं, लाईट घेतला तेव्हा ऐकलं, आणि दर वेळी पुढच्या रविवारी काहीतरी लागलंच. दुकान कुठलं ते लिहीत नाही, भांडण वाढवायचं नाहीये, पंपाचा स्पेअर घ्यायला शेवटी तिथंच जावं लागणार. पण राग आलाय आणि कुठेतरी ओतायचाय म्हणून लिहितोय.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, इंदूरात राहतोस, मुंबईचा समुद्र साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर, आमच्याकडे पिण्याचं पाणीसुद्धा नर्मदेतून, जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपाने घाट चढवून येतं, आमच्या रामबागेत नळ एक दिवसाआड, आणि तुला घरात कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, पाहिजे? बरोबर आहे. आई पण हेच म्हणाली. पण दहा वर्षं गप्पी आणि गोल्डफिश सांभाळून डोक्यात किडा शिरला होता की आता आपण तयार आहोत, त्याच पाण्यात मीठ घातलं की झालं. हौसेला मोल नाही म्हणतात ना? आहे हो. माझ्याकडे बिलं आहेत. आणि एका गोष्टीचं बिल मिळतच नव्हतं, ते पुढे सांगतो.

टाकी तीन फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे १९० लिटरच्या आसपास. आमचं घर जुनं, वरच्या मजल्याला लाकडी तुळया, तिथे पाणी-दगड-काच मिळून सव्वादोनशे किलो कोण ठेवणार, म्हणून खाली बैठकीत, बाबांच्या दिवाणासमोर. टीव्ही सरकवला. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी मोजकंच बोलतात. मीठ लिटरला पस्तीस-अडतीस ग्रॅम, म्हणजे पहिल्याच भरणीला सहा किलोच्या वर, आणि हे वाणसामानातलं मीठ नाही, यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट सगळं मापात असतं कारण कोरल त्यातूनच स्वतःचा सांगाडा बांधतं. आईने बादलीवरची किंमत वाचली आणि एवढंच म्हणाली, "मिठाला जागलास रे बाबा."

तर तिसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी हं! पाणी अजून गढूळ होतं आणि मला तीन डॅमसेल मासे देण्यात आले, निळेशार, अंगठ्याएवढे, "इनसे टंकी चालू हो जाएगी". मी घेतले. मला काय माहीत. नंतर कळलं की नव्या टाकीत मासा शी-शू करतो, अन्न कुजतं, त्याचा अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू आधी वाढावे लागतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात. आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर, तिथे तोच अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा जास्त जहरी. म्हणजे मासा न टाकता, चिमूटभर खाणं कुजवून किंवा अमोनियाचे थेंब टाकून, नुसतं थांबायचं असतं. थांबायचं! फुकट आहे ते! पण थांबायला सांगून कुणाचा गल्ला भरतो? तीनपैकी दोन मेले, एक आठवड्यात. तिसरा जगला. तिसऱ्याचं नाव आम्ही दादा ठेवलंय.

मग टेस्ट किट. "इसके बाद कुछ नहीं लगता." पाच मिली पाणी घ्या, एका बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ थेंब, हलवा, पाच मिनिटं थांबा आणि रंग कार्डाशी जुळवा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवट म्हणजे आहे. ऐकायला सोपं. आता करून बघा. ट्यूबलाइटखाली पिवळा दिसतो, खिडकीपाशी नेला की पोपटी. रोज सकाळी खिडकीत आम्ही तिघं त्या काचेच्या नळीकडे बघतोय, आई म्हणते मुगाच्या डाळीचा रंग आहे, बाबा (या एका विषयावर बोलतात) म्हणतात नाही, कच्च्या लिंबाचा आहे, आणि कार्डावर मूग पण नाही आणि लिंबू पण नाही. नायट्रेटचं तर विचारूच नका, त्यातली दुसरी बाटली आधी अर्धा मिनिट जोरात बडवून हलवावी लागते, तळाशी बसलेलं मिसळलं नाही तर नायट्रेट खोटं कमी दिसतं. मी महिनाभर न हलवता वापरली. महिनाभर आमची टाकी कागदावर एकदम निर्मळ होती. स्वच्छतेत पहिला नंबर, इंदूरला शोभेल अशी.

पण माझं डोकं खरं कशानं फिरलं ते ऐका. टाकीचं पाणी उडतं, रोज एक-दीड लिटर. मी दुकानात विचारलं, कमी झालेल्या पाण्याचं काय करू. उत्तर, "वही नमक वाला पानी डाल दो ना." मी तीन आठवडे रोज इमानदारीत मीठ कालवून पाणी घालतोय. क्लाउनफिशची जोडी आणली होती, ती कोपऱ्यात गप्प पडून, खाईना. पाण्याचा खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणला (हो, इसके बाद कुछ नहीं लगता) आणि बघतो तर १.०३१ (साधं पाणी म्हणजे १)! पाहिजे १.०२५-२६. मी डोक्याला हात लावून बसलो तर आई स्वयंपाकघरातून म्हणते, "अरे, आमटी आटली तर त्यात आपण मीठ घालतो का? पाणी घालतो." झालं. उडतं ते फक्त पाणी, मीठ कुठे जातंय, ते तिथेच राहतं, वरून साधं पाणी घालायचं. समुद्र कधी न बघितलेल्या बाईला आमटीवरून जे कळलं ते वर्षानुवर्षं मासे विकणाऱ्या माणसाला माहीत नाही, की माहीत असून सांगायचं नाही?

बरं साधं पाणी म्हणजे नळाचंही चालत नाही. "आरओ का चलेगा." घरात आरओ आहेच, घातलं. मार्चमध्ये दगड, वाळू, काच, सगळ्यावर तपकिरी शेवाळ, जणू कुणी चहाचा चोथा पसरलाय. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर आणलं तर स्वयंपाकघरातला आरओ ६५ दाखवतोय, कारण पाण्याला चव राहावी म्हणून त्यातला एक स्क्रू थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम मिसळतो. आपल्याला पाहिजे शून्य, त्यासाठी वेगळं मेम्ब्रेन, पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचा वेगळा डबा. बसवायला आलेला मुलगा मला समजावतो, "सर, ज़ीरो टीडीएस पीने के लिए ठीक नहीं." मी म्हटलं पिण्यासाठी नाही, माशासाठी. म्हणे, "तो मछली क्या पीती नहीं?" हसण्यासारखं आहे, पण गंमत म्हणजे समुद्रातला मासा खरंच पाणी पितो, बाहेरचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेत असतं म्हणून त्याला प्यावंच लागतं. तर तो पोरगा दुकानदारापेक्षा हुशार निघाला. आणि त्या फिल्टरमधून एक बादली चांगलं पाणी निघतं तेव्हा तीन बादल्या मोरीत जातात, आणि नळ एक दिवसाआड! ते तीन बादल्यांचं पाणी आता कपड्यांना, फरशीला, अंगणात, आणि माझ्या नावाने.

ते बिलाचं राहिलं. एप्रिलमध्ये मी कोरल विचारायला गेलो. त्याने आतल्या खोलीतून पॉलिथिनमध्ये काहीतरी आणलं, आवाज खाली, "रामेश्वरम का माल है, सस्ता पड़ेगा, बिल नहीं मिलेगा." घरी येऊन वाचलं तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, आणि त्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ पासून आपल्या समुद्रातली सगळी टणक कोरलं. पहिल्या परिशिष्टात म्हणजे वाघाच्या पंगतीत! आणि हा माणूस मला ते समोशाच्या चटणीसारखं पिशवीत बांधून देत होता. घेतलं असतं तर? रेड पडली तर तो म्हणणार मी विकलंच नाही, बिल कुठाय. मी नाही घेतलं. सात महिन्यांत एवढा एकच निर्णय बरोबर घेतलाय मी.

मग मे. आमच्या बैठकीत दुपारी पस्तीस. टाकी ३२ वर. कोरल-मासे यांना पाहिजे २५-२६. चिलरचा भाव विचारला, त्यात जुनी स्कूटर आली असती, वर तो टाकी गार करणार आणि ती गरमी बैठकीतच फेकणार. म्हणून पाण्यावर दोन पंखे लावले, माठाचंच तत्त्व, कोरड्या हवेत दोन-तीन डिग्री उतरतात. पण मग रोज तीन-चार लिटर पाणी उडतं, म्हणजे परत आरओ, परत तीन पट मोरीत. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की तेच पंखे नुसती हवा मारतात, पारा जागचा हलत नाही. त्यात एका संध्याकाळी वादळ, लाईट दोन तास गायब, गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, मी इन्व्हर्टरवरून बाबांचा पंखा काढून पाणी हलवायचा पंप लावला. बाबा अंधारात घाम पुसत म्हणाले, "मासा नोकरी करतो का?" मी काय बोलणार.

आणि शेवटचा तडाखा. जून संपता संपता क्लाउनफिशच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके. पळत गेलो. त्याने निळ्या औषधाची बाटली दिली, "सीधा टंकी में डालो." मोठ्या डॉक्टरसारखा तोरा. मी विचारलं, गोगलगायी आणि कोळंबी आहेत, चालेल ना? "अरे चलेगा भिया." टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कोळंब्या आडव्या, आठही गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उताण्या. बाटलीच्या मागे, अगदी बारीक अक्षरात, कॉपर सल्फेट. तांबं! गोगलगाय, कोळंबी, कोरल यांना तांबं म्हणजे विष, माशाला वेगळ्या टाकीत ठेवून तिथे मोजून द्यायचं असतं. आणि ठिपके चार दिवसांत गेले, मला वाटलं चला निदान मासे वाचले, तर तेही खोटं, तो परजीवी अंगावरून पडून वाळूत कोष करून बसतो आणि पिल्लं घेऊन परत येतो. आले परत. क्लाउनफिश गेले, आधी लहान, मग मोठी. मोठी मादी होती, त्यांच्यात सगळे जन्मतः नर असतात आणि जोडीतला वरचढ मादी होतो, हे मी कौतुकाने भाच्याला सांगितलं होतं. आता तो फोनवर विचारतो ती कशी आहे आणि मी विषय बदलतो.

आणि ते तांबं दगडांनी, वाळूने शोषून घेतलंय. म्हणजे ज्या दगडांवर मी सात महिने जिवाणू जोपासले, शेवाळ घासलं, ज्यांच्यासाठी आत्या आल्या तेव्हा "मासे तर दिसत नाहीत, दगड भिजत घातलेत का?" हे ऐकून घेतलं, ते दगड आता कोरलसाठी बाद. काढा, फेका, नवे आणा, परत सहा आठवडे थांबा. कोरलसाठी टाकी केली आणि कोरल सोडून सगळं तिच्यात घालून झालं. दुकानात जाऊन सांगितलं तर शांतपणे म्हणाला, "आपने ज़्यादा डाल दिया होगा." तुझ्या तोंडात मीठ पडो!

आज त्याचाच मेसेज, नवा माल आलाय, या बघायला.

दादा जिवंत आहे. अमोनिया झाला, १.०३१ झालं, ३२ डिग्री झालं, तांबं झालं, त्याला काही झालं नाही. नवं काही करायचं तर आधी त्याला बाहेर काढावा लागेल, तो नव्या माशाला उभा करणार नाही. आज संध्याकाळी जाळी घेऊन पाऊण तास बसलो, कोपरापर्यंत हात आत, आणि तो दगडाच्या भोकातून अर्धं तोंड काढून माझ्या बोटाला चावला. सगळे दगड काढल्याशिवाय हाती लागत नाही तो.

पहाटे पाचला नळ येईल. ड्रम धुऊन ठेवलेत.