खाली ट्यूनिंग म्हणजे 12-60 च? नाही

गिटार वाजवणाऱ्या पोरांमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. ड्रॉप ट्यूनिंग म्हणजे तारा, निदान सगळ्यात जाड सहावी तार, नेहमीपेक्षा खालच्या स्वराला आणणं. पहिली आणि सहावी तार नेहमी ई स्वराला असते. आणि 12-60 म्हणजे सेटमधली सगळ्यात पातळ तार इंचाच्या 12 हजारांश, सगळ्यात जाड 60 हजारांश. तो असा: "ड्रॉप ट्यूनिंग करायचंय? सरळ 12-60 चा सेट टाका. जितकं खाली जाल तितकी जाड तार, आणि जितकी जाड तार तितका हेवी साउंड. 10-46 च्या सेटवर ई च्या खाली गेलात तर तारा लुळ्या पडतात. तारा बदलल्या की झालं, बाकी गिटारला हात लावायची गरज नाही."

मी बरीच वर्षं गिटारी दुरुस्त करतो, सेटअप करतो. या सल्ल्यानं बिघडलेली गिटार समोर आली की वाईट वाटतं, कारण पोरांनी साठवलेले पैसे त्यात गेलेले असतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

तारा लुळ्या पडतात, हे खरं आहे. पण किती, ते कुणी सांगत नाही. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गावर चालतो. त्यामुळे एक अर्धस्वर (सा ते कोमल रे एवढं अंतर) खाली आलात की ताण साधारण 11 टक्के कमी होतो, दोन अर्धस्वरांना 20 टक्क्यांच्या थोडा वर. 25.5 इंच स्केलच्या (म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी असलेल्या) गिटारवर 46 ची सहावी तार ई ला साडेसतरा पौंडांच्या आसपास ताणलेली असते. तीच डी ला आणली की चौदा, सी ला अकरा, आणि बी ला जेमतेम दहा. ई फ्लॅटला, म्हणजे एकच अर्धस्वर खाली, तर फरक इतका थोडा असतो, की दहाच्या सेटवर कित्येकांना तो सुखाचाच वाटतो. डी ला तार मऊ लागते, पण हलक्या हातानं वाजवणाऱ्याला चालते. सी आणि बी ला मात्र 46 ची तार बहुतेकांच्या हाताखाली टिकत नाही, तिथं जाड तार हवीच. म्हणजे सल्ल्यातलं "ई च्या खाली" हे सरसकट विधान चुकीचं, आणि "फार खाली" म्हटलं असतं तर बरोबर.

मग किती जाड? याचा हिशोब सोपा आहे. ताण तोच ठेवायचा असेल तर दर अर्धस्वराला तारेची जाडी साधारण सहा टक्क्यांनी वाढवायची. ई ला 46, तर ई फ्लॅटला 49, डी ला 52, सी शार्पला 55, सी ला 58, बी ला 61. पहिली तार ई ला 10 असेल तर डी ला 11 च्या जरा वर, सी ला साडेबारा. आता बघा, 60 ची तार बसते कुठं? सी आणि बी च्या मधे. ड्रॉप डी साठी ती घेणं म्हणजे दोन मापं मोठा बूट घालून पळणं.

ड्रॉप डी चीच गोष्ट नीट बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथं होतो. ड्रॉप डी मध्ये फक्त सहावी तार खाली येते, बाकीच्या पाच तारा जिथल्या तिथं. मग त्या पाच तारा जाड कशासाठी करायच्या? 12 ची पहिली तार ई ला ठेवली तर तिचा ताण 16 पौंडांवरून 23 वर जातो. सहाही तारांचा मिळून शंभरेक पौंड असलेला ताण दीडशेच्या आसपास पोहोचतो. तार बाजूला ओढून स्वर चढवायला गेलात तर कातडी सोलते, पण स्वर चढत नाही.

परवा एक अकरावीतला मुलगा अशीच गिटार घेऊन आला. 12-60, ड्रॉप डी. म्हणाला, "काका, कॉर्ड बेसूर लागतात, पिकअप गेलाय का बघा." पिकअप, म्हणजे तारेची थरथर पकडणारा चुंबकी भाग, ठणठणीत होता. 60 ची तार नटच्या (दांड्याच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत उतरलेलीच नव्हती. खाच 46 ची, त्यामुळे तार खाचेच्या काठावर चढून बसलेली, आणि काठाचा एक तुकडा उडालेला. पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर) बोट दाबलं की तार इतकी खाली ढकलावी लागे, की स्वर चढाच निघे. नेक, म्हणजे तो दांडा, पुढं वाकलेली, सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात जाड पिक (तार छेडायची चकती) आरामात सरकत होतं. "बाकी गिटारला हात लावायची गरज नाही" या एका वाक्याची किंमत: नवा नट, ट्रस रॉडचं (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचं) काम आणि पूर्ण सेटअप. जाडी दोन-तीन मापांनी वाढली की नटची खाच घासावी लागते, नेक बघावी लागते, सॅडल (खालच्या टोकाला तार टेकते तो भाग) मागंपुढं करून इंटोनेशन, म्हणजे सगळ्या फ्रेटवरचा सूर, जुळवावं लागतं. फ्लोटिंग (स्प्रिंगांवर तोललेला) ब्रिज असेल तर मागच्या स्प्रिंगाही. हे सांगितल्याशिवाय जाड तारा सुचवू नयेत.

आता "जाड तार म्हणजे हेवी साउंड". हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो.

ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी घ्या. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. प्लॅस्टिक वितळवून त्यानं बोटांना टोप्या केल्या. जाड तारा दाबणं शक्य नव्हतं, म्हणून सुरुवातीला बॅन्जोच्या तारा लावल्या. 1971 सालच्या तिसऱ्या अल्बमवर ब्लॅक सबाथ तीन अर्धस्वर खाली आलं, त्यात बोटांवरचा ताण कमी व्हावा हाही हेतू होता. पहिली तार 8 ची असलेले सेट त्यानं वर्षानुवर्षं वापरले. हेवी मेटलची सुरुवात ज्या हातांपासून मोजतात, त्या हातांखाली पातळ, सैल तारा होत्या.

जाड तारेत पिकअपसमोर लोखंड जास्त असतं, त्यामुळे आवाज थोडा मोठा आणि खर्जाकडे झुकलेला येतो, हे मान्य. पण भरपूर गेन लावलात, म्हणजे ॲम्पमध्ये आवाज फाटेपर्यंत वाढवलात, की तोच जास्तीचा खर्ज चिखल करतो. म्हणूनच हेवी वाजवणारे कित्येक जण डिस्टॉर्शनच्या (आवाज फाडण्याच्या) आधी ओव्हरड्राइव्ह पेडल लावून खालचा भाग कापतात. शिवाय तार जाड होत गेली की ताठर होते, आणि ताठर तारेचे वरचे स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक स्वर) मूळ स्वराच्या हिशोबापेक्षा चढे निघतात. क्लीन आवाजात ते खपून जातं. गेनमध्ये पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पंचम) लावलात की खरखर ऐकू येते.

खाली जाताना थोडी जाड तार लागते, ती वेगळ्याच कारणासाठी. हे घरी तपासता येतं. आहे तीच सहावी तार हव्या त्या स्वराला उतरवा, ट्यूनर लावा, आणि गाण्यात मारता तितक्याच जोरानं पिक मारा. काटा आधी वर उडतो, मग खाली येऊन स्थिरावतो. जोराच्या फटक्यानं तार क्षणभर ताणली जाते, आणि सैल तारेत ही उडी मोठी असते. उडी कानाला खटकत असेल, किंवा तार फ्रेटवर झणझणत असेल, तर एक माप वर जा. पुन्हा तपासा. हलक्या हाताचा माणूस आणि फटके मारणारा माणूस यांचं उत्तर एकच येणार नाही.

आणि स्केल लेंग्थ! सल्ल्यात तिचा उल्लेखच नाही. गिटारच्या दोन नेहमीच्या प्रकारांत स्ट्रॅट 25.5 इंच, लेस पॉल 24.75. तोच सेट, तोच स्वर, तरी लेस पॉलवर ताण सहा टक्के कमी. 27 इंचांच्या बॅरिटोनवर (खालच्या स्वरांसाठीच्या लांब गिटारवर) उलट 12 टक्के जास्त, म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर फुकटात मिळाला. मिरजेच्या तंबोऱ्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुरुषी आवाजाचा तंबोरा लांब, बायकांच्या आवाजाचा आखूड. खालचा षड्ज नुसत्या जाड तारेवर सोडून दिलेला नाही, लांबीही त्यात धरलेली आहे.

त्या मुलाच्या गिटारला 10-52 लावला. वरच्या तीन तारा हलक्या, खालच्या जड, असा सेट बाजारात तयार मिळतो. 52 ची तार डी ला आणली की ताण तेवढाच, जेवढा 46 चा ई ला. नट नवा बसवला, खाच 52 ला घासली, नेक सरळ केली. त्यानं तिथंच ॲम्पला लावून तीन बोटांनी कॉर्ड दाबली, दोनदा वाजवली, आणि गेन स्वतःच थोडा कमी केला.