पाडव्याला दिसली ती उल्का नव्हती

पाडवा जवळ आला की तो व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागतो. काळोखात जळत चाललेल्या ठिपक्यांची रांग, मागे कुणाचं तरी ‘अरे बाप रे’, आणि खाली मजकूर: ‘२ एप्रिल २०२२, विदर्भात उल्कावर्षाव, गावाजवळच उल्का कोसळली, ऐन पाडव्याला अपशकुन.’ व्हिडिओ खरा, तारीख खरी. बाकी सगळं चुकलंय.

आधी ‘उल्का’. उल्का वातावरणात शिरते तीच मुळी सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने, कधी कधी थेट ७० च्या पुढे. ‘ते बघ’ म्हणेपर्यंत खेळ खलास. मोठा अग्निगोल असला तरी काही सेकंदच. त्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मी नागपुरात गच्चीवर होतो. गुढी उतरवून झाली होती, गाठी पोरांनी फस्त केली होती. उजेड दिसला तशी आईला हाक मारली. ती गुडघे सांभाळत जिना चढून वर आली, तरी शेपूट तिलाही दिसलं! उल्का एवढी थांबत नाही. कक्षेतून उतरणारी वस्तू मात्र सेकंदाला आठेक किलोमीटरने, जवळपास आडवी येते. म्हणून ती रेंगाळते आणि तिचे तुकडे एकामागोमाग एकाच वाटेने जातात.

वर्षाव तर नाहीच. तो काही रात्री चालतो; एप्रिलमधला स्वरमंडळ या तारकासमूहातून येणारा वर्षाव २२ तारखेच्या आसपास असतो.

मग काय होतं ते? फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी तेव्हाच हा अंदाज सांगितला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे ३ मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास धातूचे गोळेही सापडले. उल्कापाषाण असा कंपास लावून काढल्यासारखा गोल नसतो.

‘गावाजवळच पडली’ हे अकोल्यातही ऐकलं, जळगावातही, आणि मध्य प्रदेशातल्या नातेवाइकांकडूनही. उजेड कित्येक किलोमीटर उंचीवर असला की शेकडो किलोमीटरवरून दिसतो, आणि अंधारात अंतर कळत नाही. म्हणून प्रत्येकाला तो आपल्याच टेकडीमागे गेल्यासारखा वाटतो. लाडबोरीकरांना मात्र तसं म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

राहिला अपशकुन. वापरून झालेला टप्पा कुणाच्या ताब्यात नसताना वर तसाच सोडून दिला, याचा राग यावा हे मी समजू शकतो. पण तो चौदा महिने पृथ्वीभोवती फिरत हळूहळू खाली येत होता, पाडवा नेमका मध्ये आला. आदल्या दिवशी पडला असता तर अमावस्या होतीच.