पेढा घशाखाली उतरला नाही

आज दुपारी माझी एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. नोकरी लागली म्हणाली. कुठे विचारलं, तर एका नेत्याचं सोशल मीडिया सांभाळणाऱ्या एजन्सीत. रीलखाली चार ओळी लिहायच्या, वाढदिवसाचे बॅनर तपासायचे. पंचवीस हजार पगार, तोही वेळेवर. "सर, घ्या ना," म्हणत तिनं पेढा हातावर ठेवला. मी खाल्ला, अभिनंदन केलं. ती जिना उतरून गेली आणि मी तसाच बसून राहिलो.

पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला असताना ही पोरगी प्रकल्पासाठी तिच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सलग सहा दिवस बसून होती. सोनोग्राफीचं मशीन आलेलं, चालवायला डॉक्टर नाही. किती गरोदर बायका परत गेल्या, एसटीला किती लागले, खासगीत किती भरले, सगळं तारीखवार. मशीनवरच्या प्लॅस्टिकच्या कव्हरवर बोटानं रेघ ओढून तिनं धुळीचा फोटो काढला होता. पास झाल्यावर वर्षभर तिनं तालुका वार्ताहर म्हणून काम केलं. बातमीचे पैसे शून्य. जाहिरात आणली तर कमिशन.

मला ते कमिशन चांगलं ठाऊक आहे. २०१३ चा उन्हाळा. मराठवाड्यातला दुष्काळ आठवत असेल तुम्हाला. मी तेव्हा वार्ताहर होतो. एका गावात टँकर विहिरीत ओतायचे आणि बायका वरून पोहरे सोडायच्या. रजिस्टरवर दिवसाला सहा खेपा. मी चार दिवस त्या विहिरीच्या काठावर बसलो, वहीत वेळ टाकून खेपा मोजल्या. एकाही दिवशी दोनच्या वर गेल्या नाहीत. बातमी पाठवली. जिल्हा कार्यालयातून फोन आला, "बातमी झकास आहे हो, पण पुरवणीचं काय झालं?" पुरवणी एका नेत्याच्या वाढदिवसाची होती आणि पानभर शुभेच्छा देणारा माणूस तोच टँकरवाला. बातमी छापली गेली नाही. पुरवणी निघाली, रंगीत. माझं कमिशनही आलं, आणि मी ते घेतलं.

म्हणून कुणी 'विकाऊ मीडिया' म्हणून तालुक्याच्या पोरांना शिव्या घातल्या की माझं डोकं फिरतं. अरे, विकायला त्याला आधी कुणी पगार तरी दिलाय का? फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशेंना गाडीखाली चिरडलं. रिफायनरीबद्दल लिहीत होते. चार दिवस आपण सगळ्यांनी डीपी काळे केले. पुढे?

कॅलिफोर्नियानं काय केलं बघा. २०२२ मध्ये तिथल्या राज्य सरकारनं अडीच कोटी डॉलर बर्कलीच्या सरकारी विद्यापीठातल्या पत्रकारिता विभागाकडे दिले. विभाग नवीन पत्रकार निवडतो आणि दोन वर्षांसाठी राज्यभरातल्या छोट्या-मोठ्या स्थानिक वृत्तसंस्थांमध्ये पाठवतो. पहिल्या तुकडीत चाळीस जण होते. पैसा राज्याचा, निवड विद्यापीठाची, बातमी संपादकाची. जाहिरात आणायचं काम त्यांच्या गळ्यात नाही.

आणि आपण? ६ जानेवारीला 'दर्पण' या पहिल्या मराठी वृत्तपत्राची आठवण काढायची, ते काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोला हार घालायचा, पुरस्कार वाटायचे. बाळशास्त्रींच्या नावानं ज्येष्ठ पत्रकारांना सन्मान निधी मिळतो, तो मिळायलाच हवा, त्यावर माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण बाविशीतल्या पोरीला तालुक्यात दोन वर्षं पाय रोवून उभं राहायला काय आहे? पीएचडीला बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांची फेलोशिप आहे. (तिच्यासाठीही पोरांना आझाद मैदानावर बसावं लागतं, तो राग वेगळा.) मग बातमीदारीला का नको?

लगेच कुणीतरी म्हणेल, सरकारचे पैसे घेऊन सरकारविरुद्ध कसं लिहिणार. भीती खोटी नाही, मान्य. पण आज पेपर कशावर चालतात? सरकारी जाहिराती हा सरकारचाच पैसा ना? तो कधीही थांबवता येतो, आणि हे प्रत्येक संपादकाला माहीत असतं. त्यापेक्षा दोन वर्षांची रक्कम एकदाच विद्यापीठाकडे द्या, मंत्रालयाचा हात मध्ये नको. विद्यापीठंही काही धुतल्या तांदळाची नाहीत, हेही मान्य. २०२१ मध्ये पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता विभाग हलवायला निघालेच होते की. पण आजी-माजी विद्यार्थी उभे राहिले आणि स्थगिती आली. विद्यापीठाच्या दारात निदान आरडाओरडा करता येतो. टँकरवाल्याच्या दारात मी काय करणार होतो?

छत्तीस जिल्हे आहेत. जिल्ह्याला एक पोरगा किंवा पोरगी, दोन वर्षं, महिन्याला तीस हजार. हिशेब करा, तीन कोटीसुद्धा होत नाहीत. पुणे, कोल्हापूर, संभाजीनगर, नागपूर, जळगाव, सगळीकडे विद्यापीठात पत्रकारितेचे विभाग आहेत. नवीन इमारत नको, उद्घाटन नको.

मघाशी लिहायला बसलो तेव्हा तिच्यावरही राग होता, खरं सांगतो. आता नाही. तिच्या वडिलांची दोन एकर कोरडवाहू, धाकट्या भावाची फी. ती कशी थांबणार? विहिरीच्या काठावर बसलो तेव्हा माझ्या घरी बाबांची पेन्शन येत होती. चार दिवस फुकट बसणं मला परवडत होतं.

त्या खेपांची वही अजून माझ्याकडे आहे. आज तिचा रुग्णालयाचा रिपोर्टही कपाटातून काढून वाचला. बत्तीस पानं. मशीन अजून झाकलेलंच आहे, जाताना तिनंच सांगितलं. गेल्या महिन्यात तिच्या वहिनीला तिथूनच परत पाठवलं.

माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये संपादक मंडळी बरीच आहेत. छापायची तयारी असेल तर इनबॉक्समध्ये या, सगळी पानं पाठवतो. आकडे जुने झालेत, पुन्हा दोन दिवस तिथे बसावं लागेल, ते मी बसेन. बायलाइन तिचीच. नव्या नोकरीत नाव चालेल का, ते तिला विचारून सांगतो.