गाडी आत का जात नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

गल्ल्यांत रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांविषयी मी मागील आठवड्यात जे लिहिले, त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आभाराच्या दोन ओळी लिहून ती बाजूला ठेवणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, लेखात मोठी गाडी घेणाऱ्यांविषयी आकस दिसतो. आपल्या घरात सहा माणसे आहेत, गगनबावड्याच्या बाजूला शेती आहे आणि पावसाळ्यात तिकडे जायचे तर उंच गाडीच लागते. घर बांधताना आपण नियमाप्रमाणे गॅरेज बांधले, पण आताची गाडी त्यात मावत नाही, हा आपला दोष नव्हे. गाडीवर भरभक्कम रोड टॅक्स भरलेला असल्यामुळे ती रस्त्यावर उभी करण्याचा आपल्याला हक्क आहे. महापालिकेने वाहनतळ बांधावेत. आणि शेवटी आपण विचारले आहे, ‘तुमची स्वतःची गाडी रात्री कुठे असते, तेही एकदा लिहा.’

आकसाचा आरोप मला अंशतः मान्य आहे. ‘मोठ्या गाड्यांनी गल्ली गिळली’ हे वाक्य मी रागाच्या भरात लिहिले होते आणि ते तसे लिहायला नको होते. कोल्हापूरला मोठ्या गाडीचा नाद आहे आणि तो आजचा नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची 1936 सालची मेबॅक दसरा चौकात आली की, तिच्याकडे टक लावून पाहणाऱ्यांत मीही असतो. गगनबावड्याचा पाऊसही मी पाहिलेला आहे. तेव्हा आपण कोणती गाडी घ्यावी, हा माझा प्रश्न नाही. ती घरी आल्यावर तिचे काय होते, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि घरांचे नकाशे काढणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे त्याचे उत्तर मला मोजमापात शोधावे लागते.

गाडी गॅरेजमध्ये मावत नाही, हे आपले म्हणणे शब्दशः खरे आहे, फक्त त्याचे कारण आपण समजता ते नाही. आपण लांबीचा उल्लेख केला आहे. आपल्याकडील बांधकाम नियमांत खासगी गॅरेजचे किमान माप अडीच मीटर बाय पाच मीटर असे आहे आणि बहुतेक मालक, खरे सांगायचे तर बहुतेक नकाशे काढणारेही, किमान माप हेच योग्य माप समजून चालतात. आपली स्कॉर्पिओ-एन 4.66 मीटर लांब आहे, म्हणजे ती पाच मीटरांत बसते. मागचा दरवाजा उघडता येणार नाही, पण शटर लागेल. अडचण रुंदीची आहे. ही गाडी 1.92 मीटर रुंद आहे, म्हणजे अडीच मीटरांतून दोन्ही बाजू मिळून 58 सेंटीमीटर उरतात, आणि भिंतींना गिलावा झाल्यावर त्यातलेही थोडे जातात. डावीकडे आरसा मिटवून दहा सेंटीमीटर सोडले, तरी चालकाच्या बाजूला हातभरच जागा राहते आणि तेवढ्यात दरवाजा उघडून धडधाकट माणसाला बाहेर पडता येत नाही. गाडी आत जाते, पण माणूस आतच अडकतो.

मारुती 800 ची रुंदी 1.44 मीटर होती. त्याच अडीच मीटरांच्या गॅरेजमध्ये तिच्या भोवती 1.06 मीटर जागा उरत असे. एका बाजूला गाडी लावून दुसरीकडून माणूस आरामात उतरत असे, शिवाय मागे धान्याची दोन पोती ठेवली तरी अडत नसे. ‘पूर्वी अ‍ॅम्बेसेडरही मोठीच होती की’ असे कोणी म्हणेल, म्हणून तेही सांगतो. अ‍ॅम्बेसेडर 4.3 मीटर लांब होती, पण तिची रुंदी सुमारे 1.66 मीटर होती, आणि आज आपण जिला आटोपशीर गाडी समजतो ती नेक्सॉन 1.80 मीटर रुंद आहे. याचे एक कारण करात आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, ती चार मीटरांपर्यंतच्या लांबीला आणि ठरावीक क्षमतेपर्यंतच्या इंजिनाला. कंपन्यांनी लांबी चार मीटरांच्या आत आवळून धरली, रुंदीवर मात्र कोणी रेघ ओढली नव्हती. पुढे जीएसटी आला, त्याचे दर बदलले, तरी ती चार मीटरांची रेघ आजही तशीच आहे. त्यामुळे ‘छोटी’ म्हणून घेतलेली गाडीही गॅरेजच्या भिंतींना अंग घासतच आत जाते.

आता हिशेब उलटा करून पाहा. मारुती 800 ला जेवढी मोकळीक मिळत होती तेवढी आपल्या गाडीला द्यायची, तर गॅरेज आतून तीन मीटर रुंद हवे. तीन मीटरांतून 1.92 वजा करा, 1.08 उरतात. लांबी सहा मीटर धरली, तर एकूण जागा साडेबारा चौरस मीटरऐवजी अठरा चौरस मीटर होते. म्हणजे जादा लागणारी जागा साठ चौरस फुटांच्याही आत, एका न्हाणीघराएवढी. घर बांधताना हा प्रस्ताव ठेवला की पुढे जे घडते ते मी इतक्या वेळा पाहिले आहे की, त्याबद्दल मला आता रागही येत नाही. मालक म्हणतात, तेवढी जागा हॉलला द्या, गाडी काय, रात्री बाहेर राहील. बाहेरची जागा फुकट आहे आणि आतल्या प्रत्येक चौरस फुटाला जमिनीचा भाव आहे, तेव्हा हा निर्णय व्यवहार म्हणून चुकीचा म्हणता येत नाही. माझा आक्षेप या फुकटपणाला आहे. पुढे त्याच गॅरेजला समोरून शटर लागते, आत झेरॉक्सचे दुकान येते, आणि नकाशावर मात्र ‘पार्किंग’ हा शब्द जसाच्या तसा राहतो.

याहून बिकट गोष्ट फाटकापाशी असते. उपनगरांतील आतले रस्ते पुष्कळ ठिकाणी सहा मीटरांचे, म्हणजे वीस फुटांचे आहेत. गॅरेज कितीही ऐसपैस असले, तरी त्यात शिरण्यासाठी गाडीला रस्त्यावर वळण घ्यावे लागते आणि ते वळण समोरच्या घरासमोरील जागेतून जाते. मारुती 800 ची वळणत्रिज्या, म्हणजे गाडी पूर्ण वळवली असता ती ज्या वर्तुळात फिरते त्याची त्रिज्या, 4.4 मीटर होती, फॉर्च्युनरची 5.8 मीटर आहे. समोर दोन मीटर रुंदीची गाडी उभी असेल, तर आपल्याला वळायला चार मीटर उरतात आणि आठ फुटी फाटकातून ती गाडी तीन-चार वेळा मागेपुढे केल्याशिवाय आत जात नाही. दोनदा खांबाला घासली की तिसऱ्या दिवशी माणूस ती बाहेरच ठेवतो. ती बाहेर राहिली की समोरच्याचे वळण अडते आणि त्याचीही गाडी बाहेर येते. माझ्या मते आपल्या गल्लीचे सारे दुखणे इथे आहे: गाड्या बाहेर असल्यामुळेच गाड्या आत जात नाहीत. त्यात कोणा एकाचा लोभ शोधण्याची गरज नाही, आणि मागच्या लेखात मी तो शोधला, ही माझी चूक होती.

दोन्ही बाजूंनी गाड्या लावण्याची रीत मारुतीच्या काळात कशीबशी खपून गेली, कारण सहा मीटरांतून दोन मारुती वजा केल्या तरी तीन मीटर उरत. आज समोरासमोर दोन स्कॉर्पिओ आरशांसह उभ्या राहिल्या, तर मधे पावणेदोन-दोन मीटर उरतात. आपल्याकडे रस्त्यावरील वाहनाला 2.6 मीटरपर्यंत रुंदीची मुभा आहे आणि अग्निशमन दलाचा बंब त्या मर्यादेच्या जवळपासच असतो. उभ्या वाहनासमोर रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वाहन लावू नये, हे वाहतुकीच्या 1989 च्या नियमांत स्पष्ट लिहिले होते. कोणाच्या प्रवेशद्वाराआड लावू नये, हेही त्यातच होते. दुसरे वाक्य सर्वांना पाठ आहे, फाटकावर हवा सोडण्याची धमकी रंगवलेली असते. पहिले वाक्य मात्र कोणी उच्चारतही नाही.

रोड टॅक्सचा मुद्दा मी थोडक्यात निकाली काढतो, कारण त्यात फारसा दम नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीवर नोंदणीच्या वेळी एकरकमी कर घेतला जातो. तो 1958 च्या मोटार वाहन कर कायद्याखाली राज्य सरकारकडे जातो आणि गाडीची किंमत व इंधन पाहून ठरतो. आपल्या घरासमोरची गल्ली महापालिकेची आहे आणि तिच्या खर्चाला आपण आणि मी घरफाळा भरतो. तो घरफाळा गाडी नसलेली, शेजारच्या खोलीत राहणारी विधवा बाईसुद्धा भरते. कराने गाडी रस्त्यावरून चालवण्याची मुभा मिळते. रात्रीचे दहा तास नऊ चौरस मीटर जमीन अडवून ठेवण्याचे भाडे त्यात कुठेही धरलेले नाही.

वाहनतळाविषयी माझे मत असे की, बिंदू चौकातील वाहनतळ अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्यांसाठी उपयोगाचा आहे. राजारामपुरीतील किंवा कळंब्याकडील माणूस रात्री साडेदहाला गाडी लांब ठेवून घरी चालत येईल, असे मला वाटत नाही. दारासमोर फुकट जागा असताना तर नाहीच नाही.

जपानमध्ये 1962 पासून कायदा आहे की, घरापासून ठरावीक अंतरात, सध्या दोन किलोमीटरांत, गाडी ठेवायची जागा दाखवल्याशिवाय साधारणपणे गाडीची नोंदणी होत नाही. 2025 मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन मंत्र्यांनीही पार्किंगचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे बोलून दाखवले होते. आपण त्याला ‘मध्यमवर्गाला छळण्याचा आणखी एक कागद’ म्हटले आहे आणि माझीही भीती तीच आहे, मात्र निराळ्या कारणाने. जपानी दाखला जागा आणि गाडी या दोन्हींची मापे पाहून मिळतो. ती विशिष्ट गाडी त्या विशिष्ट जागेत बसते का, हे पोलीस पाहतात. आपल्याकडे दाखला निघाला, तर तो बहुधा नकाशावरील ‘पार्किंग’ या शब्दावर निघेल आणि झेरॉक्सच्या दुकानातच त्याची प्रत काढली जाईल.

गल्लीतली जागा मोकळी होऊच शकत नाही, असे आपण लिहिले आहे, ते मात्र मला मान्य नाही. गणपतीच्या आधी तालीम मंडळाची मुले घरोघर सांगून जातात आणि एका संध्याकाळीत सगळ्या गाड्या हलतात. कोणीही रोड टॅक्सची पावती दाखवत नाही. जुलै 2021 मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर छप्पन्न फुटांच्या वर गेली, तेव्हा नागाळा पार्क आणि शाहूपुरीच्या सखल भागांतील गाड्या उंचावरच्या गल्ल्यांत आणून लावाव्या लागल्या. आमच्या गल्लीतही काही आल्या आणि आम्हाला त्यांच्यासाठी आमच्या गाड्या मुकाट्याने आत घ्याव्या लागल्या. त्या आत गेल्या. आठ दिवस आतच राहिल्या. समोरची बाजू रिकामी असल्यामुळे वळणे जमत होती, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आले नाही, माझ्याही नाही.

म्हणून माझी सूचना पहिल्या लेखापेक्षा लहान आहे. आपल्या गल्लीत सम तारखेला एकाच बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावाव्यात, एवढे मंडळामार्फत ठरवून पाहावे. समोरची बाजू मोकळी राहिली की निम्म्या गाड्यांना स्वतःच्या फाटकातून आत जाता येईल, आणि त्या आत गेल्या की उरलेल्यांना एक बाजू पुरेल. आपल्या घरापुरते बोलायचे, तर दोन झडपांचे फाटक काढून सरकते फाटक बसवा आणि कुंपणाचा एक खांब दोन फूट मागे घ्या. गॅरेजची शेजारच्या पॅसेजकडील भिंत नुसती आडभिंत असेल, तर ती काढून तिथे खांब उभे करा, दरवाजा उघडायला जागा मिळेल. मात्र ती भिंत भार घेणारी नाही, याची आधी खात्री करून घ्या, फोनवरून मी ते सांगू शकणार नाही.

आता आपला शेवटचा प्रश्न. माझ्याकडे वॅगन आर आहे, 1.62 मीटर रुंद, आणि माझे गॅरेज तिला पुरेसे आहे. तरीही मागील दिवाळीपर्यंत ती बाहेरच असे, कारण आत नकाशांच्या जुन्या गुंडाळ्या, बंद पडलेला कूलर आणि थोरल्या भावाचे एक लाकडी कपाट होते, जे न्यायला तो गेली चार वर्षे येतो आहे. गुंडाळ्या आणि कूलर गेले. कपाट भिंतीला टेकवून ठेवले आहे, त्यामुळे गाडी आत जाते, पण पत्नीला फाटकाबाहेर उतरावे लागते, आणि पाऊस असला की त्या दिवशी गाडी रस्त्यावरच राहते.

आपला,
लेखक