चाळीस वर्षांनी पुन्हा मेटल डिटेक्टर

मेटल डिटेक्टर घेतल्यापासून, वर्षभर एकच प्रश्न ऐकतोय. "काका, गुप्तधन घावलं काय?" रंकाळ्यावर फिरायला येणारे विचारतात, दूधवाला विचारतो. परवा गल्लीतल्या एका चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाने बाजूला घेऊन हळूच विचारलं. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

हे वेड जुनं आहे. 1983 साली मी उद्यमनगरात लेथवर कामाला होतो. शेजारी मोटर रिवाइंडिंगचं दुकान. तिथली उरलेली तांब्याची तार मागून आणली, प्लायवूडच्या चकतीवर गुंडाळली, एक ट्रान्झिस्टर आणि दोन-चार कपॅसिटर जोडून ऑसिलेटर, म्हणजे रेडिओलहरी सोडणारं सर्किट केलं आणि दांड्याला घरातला रेडिओ बांधला. रेडिओचा काटा बरोबर जागेवर आणला की बारीक शिट्टी ऐकू यायची. चकतीखाली धातू आला की शिट्टीचा सूर बदलायचा. वीतभर खोलीपलीकडचं काही कळत नव्हतं. पण पहिल्याच दिवशी गाडीवाटेत बैलाची नाल सापडली, खिळ्यांसकट. त्या रात्री मला झोप नाही.

त्याच भरात एक चूक केली. पंचगंगेच्या अंगाला, कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उतारावर शिट्टी बदलली. उकरलं तर करड्या रंगाची, हाताला जड लागणारी गोल चकती. घरी आणून राख आणि नारळाच्या शेंडीने घासली. धनुष्यासारखं काहीतरी दिसायला लागलं. ते नीट दिसावं म्हणून आणखी घासलं. शिसं मऊ असतं. अर्ध्या तासात धनुष्यही गेलं.

आमच्या वाड्यात इतिहासाचे एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांना दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सांगितलं, की ब्रह्मपुरीला 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खनन केलं होतं, कोल्हापूरच्या कुर या प्राचीन घराण्यातल्या राजांची धनुष्यबाणाची, ब्राह्मी अक्षरांची शिशाची नाणी असतात, हे त्यातलंच असावं. "किती खोल होतं? सोबत खापरं होती का? माती कुठल्या रंगाची होती?" असं विचारत गेले. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात यंत्र मोडलं आणि रेडिओ परत फळीवर ठेवला. मग लग्न, मुलं, स्वतःचा छोटा वर्कशॉप, वर्षं निघून गेली.

पुन्हा आठवण झाली ती 2019 च्या महापुरात. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, तेव्हा पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. माझी धाकटी बहीण चिखलीत असते. पाणी ओसरल्यावर गेलो तर घरात मांडीएवढा गाळ. बहीण पायरीवर बसून हाताने गाळ चाळत होती. सासूने दिलेला चांदीचा करंडा शोधत होती. आम्ही तीन दिवस खोऱ्याने गाळ काढला. करंडा गाळाबरोबर ट्रॉलीत गेला की पाण्याबरोबर, कळलंच नाही. मला सारखं वाटत होतं, हातात ते यंत्र असतं तर.

घ्यायला मात्र आणखी काही वर्षं गेली. वर्कशॉप मुलाच्या हाती दिला आणि मगच घेतलं. आताच्या यंत्रातली कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, खालच्या धातूत त्याने प्रवाह फिरतात, आणि ते प्रवाह यंत्र पकडतं. कान लवकर तयार होत नाही. आपली जमीन बसाल्टची, वर पन्हाळ्याकडे जांभा, म्हणजे मातीतच लोह. दर वावरात यंत्र त्या मातीशी जुळवून घ्यावं लागतं, नाहीतर नुसती बडबड करतं.

गेल्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका वावरात भांगलताना एका वहिनींच्या मंगळसूत्राची एक वाटी पडली. दोन दिवस बायकांनी ढेकळं फोडून पाहिली होती. मी गेलो. लोकांना वाटतं सोन्याचा आवाज वेगळा येतो. सोन्याची बारीक वस्तू आणि ॲल्युमिनियमचा कागद यंत्राला जवळजवळ सारखेच. कचरा गाळायची सोय चालू ठेवली तर कचऱ्याबरोबर सोनंही गळतं. म्हणून सगळं उकरावं लागतं. औषधाच्या बाटल्यांची सीलं, गोळ्यांच्या पाकिटाच्या पट्ट्या, तारेचे तुकडे. चार तासांनी सरीच्या कडेला, हरळीच्या मुळात अडकलेली वाटी मिळाली. आत माती घट्ट बसली होती. वहिनींनी ती पुसली नाही, तशीच कपाळाला लावली. त्यांच्या सासऱ्यांनी माझ्या हातात गुळाची ढेप ठेवली. घेतली.

आता गुप्तधनाचं. 1878 चा कायदा आजही आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. नाणं शंभर वर्षांहून जुनं असेल तर 1972 च्या कायद्याने ते पुरावशेष, म्हणजे कायद्याने जपायची जुनी वस्तू ठरतं. पन्हाळ्यासारख्या संरक्षित ठिकाणी परवान्याशिवाय खोदणं गुन्हाच आहे. गुप्तधनासाठी अघोरी पूजा करणारे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सापडतात. मशीन घेऊन गडावर जाणाऱ्या पोरांना माझं कळकळीचं सांगणं आहे, बाबांनो, जाऊ नका. तुम्ही नाणं न्याल आणि ते कुठल्या थरात, कशाशेजारी होतं हे कायमचं पुसाल. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक-रोमन समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. ती कुणी एकट्यानेच उकरून विकली असती, तर कोल्हापूरचं रोमशी नातं होतं हे आज कशावरून सांगितलं असतं?

पण सरकारनेही एक करावं. इंग्लंडमध्ये सापडलेल्या धनाबद्दल 1996 चा कायदा आहे आणि 1997 पासून हौशी लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारी माणसं ठिकठिकाणी नेमली आहेत. शेतकरी तिथे वस्तू घेऊन बिनधास्त जातो. आपल्याकडे जेसीबीखाली नाण्यांचं गाडगं फुटलं की घरचे पहिले दार लावून घेतात. चौकशी मागे लागेल, रान जप्त होईल ही भीती. मग ते नाणं वितळतं. तालुक्याला एक जाणकार माणूस बसवा, "भिऊ नका, कुठे सापडलं ते दाखवा" एवढं म्हणणारा. मी स्वतः त्याच्याबरोबर फुकट हिंडेन.

सध्या एक काम हातात आहे. शिरोळकडच्या एका मुलाच्या वारलेल्या वडिलांची अंगठी उसात पडलीय. ऊस डोक्याच्या वर आहे, आत कॉइल फिरवायला जागा नाही. तोड कधी येते बघायचं. फड रिकामा झाला की पाचट पेटवायच्या आधी मला फोन कर, असं त्याला बजावून ठेवलंय.