‘शिकलेली माणसं फसतातच कशी?’ : धुळ्याच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

व्हिसाच्या नावाने पैसे उकळणाऱ्या फोनांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. नुसता अंगठा दाखवून पुढे सरकणाऱ्यापेक्षा भांडणारा वाचक केव्हाही परवडला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. अमेरिका-कॅनडाला जाणारी पोरं इंजिनीअर नाहीतर फार्मसीवाली. त्यांनी फोनवर कुणालाही पैसे दिले तर तो त्यांचा मूर्खपणा, त्याची कीव कशाला? दुसरं, इथे कापसाला भाव नाही, वाऱ्याने केळीच्या बागा आडव्या होतात आणि मी पैसेवाल्यांच्या पोरांचं रडगाणं लावलंय. तिसरं, फोन करणारे आपलेच देशी लोक असतात, ते मी लपवलं. आणि जाता जाता, ‘माझा पुतण्या यंदा चाललाय, त्याला असा फोन येऊच द्या, बरोबर सरळ करील.’

तिसऱ्या मुद्द्यावर आपलं भांडणच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड टाकली, तेव्हा तिथे आपल्याच गल्लीतली वाटावीत अशी पोरं-पोरी रात्रपाळीला बसून अमेरिकेच्या आयकर खात्याचे साहेब बनत होती. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने ५६ माणसं आणि भारतातली ५ कॉल सेंटरं यांच्यावर आरोप ठेवले. त्यातली टोळी अहमदाबादहून चालायची आणि आयकराच्या जोडीला इमिग्रेशन अधिकाऱ्याचं सोंगही घ्यायची. पैसे भर, नाहीतर अटक, नाहीतर मायदेशी रवानगी. २०१८ मध्ये त्यातल्या काहींना २० वर्षांपर्यंत शिक्षा झाल्या. व्हिसा जाईल ही भीती काय असते ते आपल्या माणसाला नेमकं ठाऊक, म्हणून तर त्याला ती वापरता येते. यात लपवण्यासारखं काही नाही, लाज वाटण्यासारखं मात्र भरपूर आहे.

मूर्खपणाचा मुद्दा मला अजिबात मान्य नाही.

फोन कसा येतो बघा. इंटरनेटवरून लावलेल्या फोनला हवा तो नंबर चिकटवता येतो, त्यामुळे स्क्रीनवर खात्याचाच नंबर झळकतो. वॉशिंग्टनच्या भारतीय दूतावासालासुद्धा लोकांना सांगावं लागलं होतं, की आमच्या नंबरावरून आलेला प्रत्येक फोन आमचा नसतो. समोरचा ओरडत नाही, शिवी देत नाही. उलट म्हणतो, ‘विश्वास नसेल तर हा नंबर गूगलवर टाकून बघ.’ पोरगा टाकतो. यूएससीआयएस, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याचा निघतो. मग बॅज नंबर, केस नंबर, आणि ‘तुझ्या आय-९४ च्या, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या, नोंदीत तफावत आहे, तुला आधी पत्र पाठवलं होतं, तू उत्तर दिलं नाहीस.’

आता हा पोरगा कोण आहे? पत्ता बदलला तर दहा दिवसांत कळवायचं हा नियम ज्याने पाळलाय, एकेक फॉर्म तीन-तीनदा तपासून भरलाय, आडनावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं म्हणून ज्याची झोप उडालेली आहे, असा तो असतो. ‘चूक असेलही,’ असं त्यालाच आधी वाटतं. ज्याला नियमांची पर्वा नाही तो फोन आपटून मोकळा होतो. अडकतो तो नियम पाळणारा. काका, हा धंदा अडाणीपणावर चालत नाही, धाकात राहणाऱ्याच्या काटेकोरपणावर चालतो.

अमळनेरकडचा एक ओळखीतला मुलगा, एम.एस. संपवून कामाच्या परवानगीची वाट बघत होता. फोन ठेवायचा नाही, लाइन रेकॉर्ड होतेय, कुणाला सांगितलंस तर तोही गुन्ह्यात येईल, असं बजावून त्याला चालत दुकानात नेलं. गिफ्ट कार्डं घ्यायला लावली. काउंटरवरच्या बाईने विचारलं, ‘फोनवर कुणी तुला हे घ्यायला सांगतंय का?’ त्याने पढवलेलं उत्तर दिलं, ‘चुलत बहिणीचं लग्न आहे.’ बाहेर येऊन पार्किंगमध्ये उभ्या उभ्या नाण्याने मागची पट्टी खरवडली आणि एकेक आकडा वाचून दाखवला. आकडे गेले की कार्डावरचे पैसे गेले. त्या बाईने हातात दिलेली सुटकेची दोरी त्याने स्वतः सोडली, कारण कानातला माणूस त्याला सरकार वाटत होता. हा पोरगा गणितात तुम्हाआम्हाला विकून खाईल.

बरं, फोन तिकडेच येतो असंही नाही. पारोळ्याजवळच्या गावातला एक बाप. कापसाची गाडी घेऊन जिनिंगवर गेलेला, नंबर लागायची वाट बघत बसलेला. दुपारचा एक. म्हणजे टेक्सासमध्ये मध्यरात्र उलटलेली. हिंदीतून फोन, ‘तुमचा मुलगा इमिग्रेशनच्या ताब्यात आहे, सकाळी कोर्टात उभा करतील, आत्ता दंड भरला तर सोडतील.’ मागून रडण्याचा आवाजही ऐकवला. बापाने मुलाला चार फोन लावले, एकही उचलला नाही. उचलणार कसा, तो फोन सायलेंटवर टाकून झोपला होता! वेळ निवडलेली असते ती नेमकी यासाठी. ‘पोऱ्या तठे एकलाच शे, मी काय इचार करू?’ हे त्यांचं मला नंतरचं वाक्य. ‘मूर्ख’ हा शब्द त्यांना लावून बघा, तोंडातून निघतो का.

हाच शब्द चोराच्या सर्वांत कामी येतो, म्हणून माझा त्याच्यावर राग आहे. पैसे गेले की माणूस दोन दिवस कुणाला सांगत नाही. भाऊबंद हसतील, सोयरिकीत बोभाटा होईल. त्या दोन दिवसांत रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचव्यात जाते. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे मधल्या खात्यात असतानाच अडवता येतात. उशीर झाला की हातात तक्रारीचा नंबर तेवढा उरतो. गिफ्ट कार्ड असेल तर कार्ड आणि पावती जपून ठेवायची आणि कार्डाच्या कंपनीला ताबडतोब कळवायचं. गावाने ‘एवढा शिकून फसला’ म्हणायचं थांबवलं तर हा फोन तासाभरात होईल.

राहिला पैसेवाल्यांचा मुद्दा. काका, तुम्ही धुळ्यात राहता, तुम्हाला मी काय सांगावं? शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक साधारणपणे तारण मागते. आपल्याकडे ते तारण म्हणजे आजोबांनी बांधलेलं घर. ज्याच्या कापसाला भाव नाही त्याच शेतकऱ्याचा पोरगा तिकडे आहे. दोन वेगळी माणसं नाहीत ती. आणि भुसावळ-जळगावहून आखातात जाणारा वेल्डर, ड्रायव्हर, सुतार? दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ‘नोकरीला परदेशी जाण्याआधी तपासणी हवी’ असा शेरा असतो, १८ देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारी मंजुरी लागते. ‘व्हिसा आला, मंजुरीचे आणि मेडिकलचे पैसे आजच टाका,’ हा फोन त्यालाही येतो. नोंदणी असलेल्या एजंटाला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कुणालाही तपासता येते. हे किती घरांत माहीत आहे? मूळ लेखात अमेरिका जास्त आली, कारण ती प्रकरणं मी जवळून पाहिली.

आता तुमचा पुतण्या. सरळ करील म्हणता, करो बापडा. पण त्याला एवढं पाठ असू द्या. अमेरिकेचं यूएससीआयएस असो, कॅनडाचं इमिग्रेशन खातं असो की ब्रिटनचं होम ऑफिस, यातलं कुणीही फोन करून पैसे मागत नाही, आणि जगातली कुठलीही सरकारी फी गिफ्ट कार्डाने भरली जात नाही. नंबर ओळखीचा दिसला तरी फोन ठेवायचा आणि खात्याच्या वेबसाइटवरचा नंबर आपण स्वतः लावायचा. विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारायचं; त्यांना असल्या फोनांची सवय असते. भारतात परदेशातून येणारे पण +९१ दाखवणारे फोन अडवण्याची यंत्रणा दूरसंचार खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांत १.३५ कोटी फोन अडवले गेले. म्हणजे उरलेल्यांतला एखादा तुमच्या घरी वाजू शकतो.

आणि घरच्यांसाठी. त्याच्या रूममेटचा आणि विद्यापीठाच्या त्या ऑफिसचा नंबर वहिनींच्या फोनमध्ये आजच घाला. पोरगा झोपला असेल तर दुसरं कुणीतरी उठून त्याच्या खोलीचं दार ठोठावू शकलं पाहिजे. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागेलच, आपल्याकडे तो लागल्याशिवाय विमान उडत नाही. पण त्यावर विद्यापीठाचं नाव, निघायची तारीख आणि ‘शुभेच्छुक’च्या खाली भावाचा मोबाइल नंबर एकत्र छापू नका. व्हिसाचा फोटो स्टेटसला ठेवणं तर नकोच.

कापसाच्या भावावर लिहायची तुमची मागणी रास्त आहे. तुमच्याकडे यंदाच्या पट्ट्या, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेल्या पावत्या असतील तर पाठवा, नावं झाकून वापरीन.