गुळगुळीत केलं म्हणजे स्वच्छ झालं?

शिह त्झू, माल्टीज, पूडल अशी लहान, झुपकेदार कुत्री पाळणाऱ्यांमध्ये एक संदेश हातोहात फिरतोय. पोटाखालचे आणि शेपटीखालचे केस मुळापासून काढा, केसांची गाठ दिसली की कात्री चालवा, दर आंघोळीला गुदग्रंथी (गुदद्वाराशेजारच्या वासाच्या द्रवाच्या दोन पिशव्या) पिळा, कानातले केस उपटा, डोळ्यांखालचे डाग हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसा. थोडक्यात, केस जितके कमी तितकं कुत्रं स्वच्छ. शेपटीखालच्या लांब केसांना शी चिकटते आणि ते कापावे लागतात, एवढं खरं. बाकीचं तपासून घेऊ.

आधी ‘मुळापासून’. घरी वापरायला क्लिपरचं, म्हणजे केस कापायच्या यंत्राचं, १० नंबरचं पातं पुरतं. ते साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं, आणि शी चिकटू नये म्हणून तेवढं बास. ४० नंबरचं पातं पाव मिलिमीटरवर कापतं, ते शस्त्रक्रियेआधी कातडी मोकळी करायला वापरतात. जांघेतल्या पातळ कातडीवर ते फिरवलं की आग होते, कुत्रं चाटत बसतं, नाहीतर बूड जमिनीवर घासतं. मग घरच्यांना वाटतं ग्रंथी भरल्या, आणि पिळापिळी सुरू. नराच्या शिश्नाच्या टोकाशी असलेला केसांचा झुपका तर मुद्दाम सेंटीमीटरभर ठेवायचा असतो. त्यावरून शू ओघळून जाते. तो खरडून काढला की उरलेले खुंट टोचतात.

आणि स्तनाग्रं! ती नरालाही असतात, हेच कित्येकांना माहीत नसतं. केसांत दिसत नाहीत, म्हणून पोटाखाली पातं लावण्याआधी बोटांनी चाचपून घ्यावीत आणि कापताना प्रत्येकावर बोट ठेवावं. गोचीड समजून ती ओढणारेही असतात.

कात्रीचा सल्ला मात्र सगळ्यात घातक. काखेतली किंवा कानामागची गाठ घट्ट झाली की खालची कातडी तिच्यात ओढली जाते, तंबूसारखी वर येते. आपण कापतो ती गाठ, असं आपल्याला वाटतं, आणि कापली जाते कातडी. तिथे दुसऱ्या हाताने कातडी ताणून, पातं आडवं ठेवून क्लिपर गाठीखालून हळूहळू सरकवायचा. पातं तापतं, म्हणून मधूनमधून स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं. आणि हे आंघोळीआधी, कारण भिजलेली गाठ आणखी आवळते.

गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी धरली, तर गुदग्रंथी ४ आणि ८ च्या जागी असतात. शी घट्ट होत असेल तर तिच्या दाबानेच त्या रिकाम्या होतात. काही त्रास नसताना दर आंघोळीला पिळल्या तर तिथे सूज येऊ शकते. कुत्रं बूड घासतंय, सारखं तिथेच चाटतंय, माशासारखा वास येतोय, तर डॉक्टरांना दाखवा.

निरोगी कानातले केस उपटल्याने आत दाह होऊ शकतो. कान वारंवार चिघळत असेल तर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

डोळ्यांखालचे डाग म्हणजे घाण नव्हे. अश्रूंत पॉर्फिरिन नावाचं लोहयुक्त द्रव्य असतं, त्याने केस रंगतात. या कुत्र्यांचे डोळे बटबटीत. पेरॉक्साइडचा थेंब आत गेला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजू शकतो. डाग घालवणाऱ्या पावडरींवरही भरवसा नको. काहींमध्ये टायलोसिन हे प्रतिजैविक निघालं आणि २०१४ साली अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) उत्पादकांना ताकीद दिली. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने रोज पुसावं. पाणी अचानक जास्त वाहू लागलं तर कारण शोधावं, डाग नव्हे.

संदेशाच्या शेवटी म्हटलंय, लाल झालं तर बाळाची डायपर रॅशची क्रीम लावा. म्हणजे लाल होणार, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक आहे! अशा बऱ्याच क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं. कुत्रं ते चाटणारच, आणि पोटात गेलं की उलट्या सुरू होतात. त्यापेक्षा गार पाण्याची पट्टी ठेवा, चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला, आणि दुसऱ्या दिवशीही लाली उतरली नाही तर डॉक्टर गाठा.